अशाब्दिक संवाद आणि व्हिडिओ चित्रण (मानवशास्त्र)

नजर, मान, हातवारे, बसण्यातले अंतर, मध्येच गप्प होणे अशा न बोलता होणाऱ्या देवाणघेवाणीचे चित्रण करून ते पुन्हापुन्हा पाहण्याची क्षेत्रकार्यातील (लोकांत प्रत्यक्ष जाऊन केलेल्या अभ्यासातील) पद्धत. टिपणवहीत ‘हो म्हणाला’ एवढेच उरते. हो म्हणण्याआधी त्याने कोणाकडे पाहिले, ते चित्रणात सापडते.

आरंभ फिल्मपासून झाला. ग्रेगरी बेटसन व मार्गारेट मीड या मानवशास्त्रज्ञांनी १९३६ ते १९३९ या काळात मुख्यतः इंडोनेशियातील बाली बेटावर सुमारे २५,००० छायाचित्रे आणि २२,००० फूट फिल्म घेतली. मानवशास्त्रज्ञ रे बर्डव्हिसल यांनी १९५२ मध्ये अंगविक्षेपांच्या अभ्यासाची मांडणी केली. पुढे व्हिडिओ स्वस्त झाला. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) धरल्या, तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची. डोळ्यांना न जाणवणारे थबकणे त्यात दिसते. ‘ईलान’सारख्या संगणकप्रणालीत बोलणे, नजर आणि हात यांच्या नोंदी एकाच काळरेषेवर, पण वेगवेगळ्या ओळींत करता येतात.

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत ही पद्धत वापरताना तिची ताकद कळते आणि मर्यादाही. बैलबाजारात दलाल व गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली हात घालून बोटे धरतात आणि त्यावरून भाव ठरतो. आजूबाजूच्यांना आकडा कळू नये, यासाठीच तो दुपट्टा. कॅमेऱ्याला दिसते ती कापडाची हालचाल. तरीही चित्रण वाया जात नाही: हात कोणी आधी काढला, बैलाचा मालक त्या वेळी कोणाकडे पाहत होता, दोघे पुन्हा किती वेळाने भिडले, हा सौद्याचा सगळा ताल त्यात असतो. बोटांचा अर्थ मात्र ती माणसेच सांगतील. म्हणून चित्रण त्यांनाच दाखवून विचारणे हा या पद्धतीचा गाभा मानायला हवा. एकट्याने पडद्यासमोर बसून लावलेला अर्थ बहुधा कच्चा असतो.

घरात अडचण निराळी. ओसरीवर सासरा आला की सून डोक्यावर पदर घेते. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर रोखलेला असेल, तर हात पदराकडे गेलेला दिसतो, दारात आलेला माणूस दिसत नाही. त्यासाठी दारही चित्रात येईल असा कॅमेरा तिकाटण्यावर लावून ठेवावा. कॅमेरा धरणारा परका पुरुष असेल, तर पदर सासऱ्यासाठी घेतला की त्याच्यासाठी, हे ठरवणेच कठीण. अशा ठिकाणी चित्रण बाईने केलेले बरे.

चित्रणात चेहरा ओळखू येतो, म्हणून संमती आधी घ्यावी लागते आणि चित्रफीत कोणाला दाखवणार, तेही तेव्हाच सांगावे लागते. बाजारात मागून चालत येणाऱ्या प्रत्येकाची संमती कोणी घेत नाही. त्यांचे चेहरे पुसट करावे लागतात.