काळी दोन आणि चार तारा: पुण्यातल्या बेसवाल्यांची पार्श्वभूमी

तालमीला गायक येतो, घसा साफ करतो आणि सांगतो, "काळी दोन." कीबोर्डवाला पट्टी बदलणारं ट्रान्स्पोजचं बटण दाबतो, गिटारवाला मानेवरचा चिमटा, म्हणजे कॅपो, सरकवतो. खालचे सूर वाजवणाऱ्या बेस गिटारवाल्याकडे, म्हणजे बेसवाल्याकडे, यातलं काही नसतं. काळी दोन म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, पाश्चात्त्य नावाने डी शार्प. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार ईला लावलेली असते, म्हणजे गायकाचा षड्ज त्या मोकळ्या तारेच्याही अर्धा सूर खाली गेलेला. मग तो वरच्या सप्तकात, ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या सहाव्या पडद्यावर, धरायचा आणि खालची जागा रिकामी सोडायची. नाहीतर ईच्याही खालची एक तार असलेला पाच तारांचा बेस घ्यायचा. पुण्यातल्या कव्हर बँडमध्ये, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये, वाजवणाऱ्या आम्हा अनेकांच्या खांद्यावर आज पाच तारांचा बेस दिसतो, त्याचं एक मोठं कारण या काळ्या पट्ट्या आहेत.

'काळी दोन' हा पेठांतला शब्द. पेटी पुढ्यात घेऊन गाणं शिकवणाऱ्या मास्तरांचा, नाट्यपदांचा, भजनी मंडळाचा. 'डी शार्प' कँपातला, म्हणजे इंग्रजांच्या छावणीतला. शंभर-दीडशे वर्षं हे दोन्ही शब्द एकाच गावात नांदले, पण त्यांची गाठ फारशी पडली नाही. ती गाठ रोज ज्याच्या बोटांत पडते तो बेसवाला. वीस-बावीस वर्षं वाजवल्यावर मला या कामाचा इतिहास म्हणजे त्या गाठीचाच इतिहास वाटतो.

सुरुवात कँपापासून करावी लागते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी बसली. पलटणींबरोबर बँड आले. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यात असे, घोड्यांच्या शर्यतीही पावसाळ्यातच होत. त्या महिन्यांत मुंबईची श्रीमंत मंडळी इथे उतरायची आणि क्लबांत, हॉटेलांत नाचाच्या रात्री व्हायच्या. नाच म्हटला की बँड आला आणि बँड म्हटला की गोवेकर वादक आले.

या गोवेकरांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा समोरचा कागद पाहून वाजवू शकायचा. ब्रिटिश हिंदुस्थानात हे कौशल्य असलेले वादक कमी होते, म्हणून लष्करी बँडपासून मूकपटाच्या थिएटरपर्यंत सगळीकडे त्यांना मागणी होती. नाचाच्या बँडमध्ये खालचा सूर सांभाळायचा डबल बेस, माणसापेक्षा उंच आणि बोटांनी छेडलेला. त्याचं काम एकच होतं: नाचणाऱ्यांच्या पायांना चार मात्रा स्पष्ट कळल्या पाहिजेत. आज बाणेरच्या एखाद्या पबमध्ये माझं कामही नेमकं तेवढंच आहे.

मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुणे तेव्हा मुंबई प्रांतात. बारच बंद झाल्यावर हॉटेलाला नाचाचा बँड परवडेना. काम सुटलेले वादक मुंबईच्या फिल्म स्टुडिओंकडे वळले आणि तिथे त्यांच्या वाचनाचं सोनं झालं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरांनी, म्हणजे कुठलं वाद्य काय वाजवेल ते लिहिणाऱ्यांनी, हिंदी गाण्याला वाद्यमेळ दिला. गाण्याची चाल रागातली असायची, पण तिच्याखाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सरकत असायच्या आणि त्या कॉर्डच्या पायाशी डबल बेस. कँपातल्या डान्स फ्लोअरवर जो खालचा सूर थांबला, तो रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवरून सदाशिव पेठेतल्या माजघरात पोचला. ऐकणाऱ्याला तो वेगळा कळला नसेल, पण तो त्या गाण्यात होता. या सगळ्या गोष्टीतला हा टप्पा मला सगळ्यात हलवून सोडतो. एका कायद्याने एक जग बंद केलं आणि त्याच कायद्यामुळे त्या जगाचा आवाज घरोघरी गेला.

वाद्य बदललं ते अमेरिकेत. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. ड्रम आणि ब्रासच्या आवाजात डबल बेस ऐकू जात नसे आणि तो उचलून नेणंही जिकिरीचं. फेंडरने खालचे चार सूर गिटारसारख्या सपाट लाकडावर आणले, तारेची लांबी ३४ इंच ठेवली आणि मानेवर फ्रेट बसवले. फ्रेटमुळे बोट सुरावर अचूक पडतं, म्हणून नाव 'प्रिसिजन'. खालच्या ईची कंपनं सेकंदाला सुमारे ४१. हा सूर कानाइतकाच छातीने ऐकायचा असतो, त्यामुळे अँप्लिफायरशिवाय या वाद्याला अर्थ नाही.

हे वाद्य हिंदी गाण्यात रुळलं ते साठ-सत्तरच्या दशकांत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या काळातल्या कित्येक गाण्यांत बेसची ओळ नुसता आधार देत नाही, ती स्वतः गात असते. ती काढून टाकली तर गाणं ओळखू येतं, पण उभं राहत नाही. आणि नेमकं त्याच काळात पुण्यात ऑर्केस्ट्रा बहरत होता.

पेठांच्या बाजूने पाहिलं तर १८९०च्या दशकातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर मेळे, म्हणजे मांडवात गाणी सादर करणारे संच, आले. मांडवात गाणं ऐकायची सवय लोकांना तिथे लागली. मेळे ओसरले तशी ती जागा हळूहळू ऑर्केस्ट्राने घेतली. १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर उघडलं आणि नाटकांबरोबर वाद्यवृंदांनाही चांगला रंगमंच मिळाला. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स'चं नाव आजही जुनी मंडळी आदराने घेतात. ऑर्केस्ट्राच्या श्रोत्यांची अपेक्षा एकच असायची: रेकॉर्डवर आहे तसं वाजलं पाहिजे. पुढे कव्हर बँडला काही जण 'नुसती नक्कल' म्हणू लागले, ते मला पटत नाही. ना नोटेशन, ना यूट्यूब. टेप मागे-पुढे करून, कान स्पीकरला लावून, ड्रमच्या गदारोळातून बेसची ओळ वेगळी काढायची, ती पाठ करायची आणि हजार लोकांसमोर न चुकता वाजवायची, ही विद्या आहे. ती त्या वादकांनी कुणाच्याही मदतीशिवाय कमावली. एका कार्यक्रमाच्या मानधनाला 'नाईट' म्हणायची पद्धतही नाटक आणि ऑर्केस्ट्राच्या जगातली. आमच्यातले जुने लोक अजून 'गिगचे किती' असं न विचारता 'नाईट काय' असंच विचारतात.

वाद्यं मिळवणं हे वेगळंच दिव्य होतं. आयातीवर परवाने आणि भारी कर. परदेशी बेस यायचा तो बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणाच्या सामानातून किंवा गावाला परत जाणाऱ्या एखाद्या परदेशी पाहुण्याकडून. नाहीतर कलकत्त्याला बनलेली गिटार, जिची मान वर्षभरात वाकायची. तारांचा संच महाग, म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळायच्या. बोटांचा घाम आणि मळ निघून गेला की थोडे दिवस त्या पुन्हा खणखणीत वाजतात. मीही हे केलंय, आईच्या कुकरमध्ये. १९९१ नंतर दारं किलकिली झाली आणि एप्रिल २००१ मध्ये आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले. त्यानंतरच्या काही वर्षांत कँपातल्या दुकानांत इंडोनेशियात आणि चीनमध्ये बनलेले बरे बेस भिंतीवर टांगलेले दिसू लागले. इंजिनिअरिंगच्या मुलाला ते हप्त्यावर घेता आले. पुण्यात अचानक इतके बँड कुठून आले, याचं निम्मं उत्तर या तारखेत आहे.

उरलेलं उत्तर कोरेगाव पार्क आणि हिंजवडीत. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीश आश्रम सुरू झाला आणि जगभरातले लोक, त्यांत वादकही, त्या गल्ल्यांत राहू लागले. इंग्रजी गाणं ऐकत जेवणारं गिऱ्हाईक त्या भागाला तेव्हापासून माहीत होतं. पुढे एबीसी फार्म्सच्या आवारात रॉक वाजलं, तिथल्या शिशा कॅफेत जॅझ वाजलं. मग आयटी पार्क उभे राहिले, महिनाअखेर पगार घेणारी हजारो तरुण मुलं शहरात आली आणि शुक्रवारी रात्री त्यांना ओळखीची गाणी जिवंत ऐकायची होती. डिसेंबर २०१० मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाला. स्वतःची गाणी करणाऱ्या बँडना त्यामुळे मोठं मैदान मिळालं, याचा आनंद आहेच. पण मैदान वर्षातून एकदा. दर आठवड्याचं काम कव्हरचंच राहिलं.

मधल्या काळात ऑर्केस्ट्रातून मात्र बेसवाला गळाला होता. कीबोर्डचे दोन भाग करून डाव्या हाताने बेस वाजवता येऊ लागला, ड्रम आणि ढोलकीच्या जागी ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आलं. आयोजकाचं गणित सरळ होतं: दोन नाईट वाचतात. नंतर कराओके ट्रॅक आले आणि उरलेलेही घरी बसले. मी ज्यांच्याकडे शिकलो ते गृहस्थ पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवून शेवटी साउंडवाल्याकडे मिक्सरवर बसू लागले. कोरेगाव पार्कातल्या बँडना बेसवाला हवा असायचा आणि पेठेतल्या या माणसाला काम हवं असायचं, पण दोघांना एकमेकांचा पत्ता माहीत नव्हता. मला त्यांनी हिंदी गाण्यांच्या ओळी शिकवल्या. इंग्रजी सेट मी कॉलेजच्या मित्रांकडून उचलला. आता पबवाले पहिला सेट इंग्रजी आणि पुढचे दोन हिंदी-मराठी मागतात, तेव्हा त्या गृहस्थांचीच शिकवण कामी येते.

कायद्याचा भाग रुक्ष आहे, पण आमची रात्र त्यावरच बेतलेली असते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बंदिस्त जागेबाहेर ध्वनिवर्धक बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पुण्याची निम्मी मजा गच्चीवरच्या आणि बागेतल्या हॉटेलांत, त्यामुळे दहाला दहा मिनिटं कमी असताना शेवटचं गाणं सुरू होतं. यात बेसची एक खास अडचण आहे. मोजणी ज्या 'ए' मापाने होते ते माप खालच्या सुरांना फार कमी वजन देतं, ४० हर्ट्झच्या आसपास जवळपास ३५ डेसिबल कमी. म्हणजे यंत्राला बेस जेमतेम कळतो. पण भिंती हाच सूर सगळ्यात कमी अडवतात. शेजारच्या इमारतीतल्या आजोबांना गायक ऐकूच येत नाही, त्यांच्या खिडकीची काच मात्र थरथरते. त्यांची तक्रार खरी असते आणि आकडा नियमात असतो. म्हणून मी अँप जमिनीवरून उचलून स्टँडवर ठेवतो आणि ईच्या आसपासचा भाग मिक्सरवर कापून घेतो. गाण्यातलं थोडं हरवतं, पण आजोबा झोपतात.

गाणी दुसऱ्यांची असल्यामुळे हक्कांचा प्रश्नही येतो. रेकॉर्ड लावली तर ध्वनिमुद्रणाचा परवाना लागतो. बँडने गाणं स्वतः वाजवलं तर शब्द आणि चालीचा, आणि त्यासाठी १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे. हा परवाना सहसा हॉटेलाने किंवा आयोजकाने काढायचा असतो. लग्नाच्या वरातीला कॉपीराइट कायद्याने सूट दिली आहे, त्यामुळे ब्रास बँडवाले निश्चिंत.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जीव गेले; गाडी चालवणारा अल्पवयीन मुलगा पबमधून निघाला होता. त्यानंतर शहरातल्या अनेक बार-पबांवर कारवाई झाली, वेळा काटेकोर झाल्या. ते व्हायलाच हवं होतं. आमच्यापुरतं झालं इतकंच की गिग आधी सरकले. साउंडचेक संध्याकाळी पाचला, म्हणजे नोकरी करणाऱ्या वादकाला हिंजवडीतून साडेतीनला निघावं लागतं. पहिला सेट साडेसातला, तेव्हा निम्मी टेबलं रिकामी. मला तो सेट आवडतो. गर्दी नसते, ड्रमरकडे नीट लक्ष देता येतं, त्याची किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि माझी तार एकाच क्षणी पडते की नाही हे कळतं.

रात्री वायर गुंडाळताना फोन वाजतो. उद्याच्या लग्नातल्या संगीतासाठी गायिकेचा मेसेज: दुसरं गाणं काळी पाच. ए तारेचा पहिला फ्रेट.