‘ओरडली का नाहीस?’ या प्रश्नाचं उत्तर मध्यमेंदूत आहे

महाविद्यालयात लैंगिक हिंसेविषयी जनजागृतीचा कार्यक्रम ठरला की स्वसंरक्षणाचं प्रात्यक्षिक हमखास असतं. गादी अंथरतात, प्रशिक्षक हल्लेखोर होतो, एक विद्यार्थिनी कोपराने त्याला आडवा करते आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. मला या प्रात्यक्षिकाचं वावडं नाही. पण त्याच्याबरोबर एक समजूत कुणी न बोलता पक्की होऊन जाते: हल्ला झाला की माणूस लढतो, ते नाही जमलं तर पळतो, तेही नाही तर निदान ओरडतो. पुढे खरोखर कुणावर अत्याचार होतो आणि ती व्यक्ती यातलं काहीच करू शकलेली नसते. मग खोलीतल्या मैत्रिणीपासून चौकशी समितीच्या अध्यक्षांपर्यंत सगळे एकच विचारतात: ओरडली का नाहीस?

हा प्रश्न क्रूर आहे, हे बहुतेकांना आता पटलंय. तो शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचा आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

शाळेत आपण ‘लढा किंवा पळा’ शिकतो. धोका दिसला, ॲड्रेनॅलिन वाढलं, हृदय धडधडलं, स्नायूंकडे रक्त धावलं. ही कल्पना वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1915च्या सुमारास मांडली आणि ती खरीच आहे. फक्त अपुरी आहे. प्राण्यांकडे तिसराही एक मार्ग असतो आणि तो कॅननच्या कितीतरी आधी नोंदवला गेलेला आहे.

1646 साली रोममधल्या अथानासिउस किर्शर या जेझुइट (एका ख्रिस्ती धर्मसंघातल्या) पंडिताने एक प्रयोग लिहून ठेवला. कोंबडीचे पाय बांधायचे, तिला जमिनीवर आडवी ठेवायची, ती फडफडून शांत झाली की तिच्या डोळ्यापासून खडूने एक सरळ रेघ ओढायची आणि मग पाय सोडायचे. कोंबडी मोकळी असूनही तशीच पडून राहते. किर्शरचं म्हणणं असं की कोंबडी त्या रेघेलाच दोरी समजते. पण रेघेचा संबंध नव्हता. खडू न वापरता कोंबडीला नुसती धरून ठेवली, तरी तेच होतं. 1970च्या दशकात गॉर्डन गॅलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यात कळीची गोष्ट आहे भीती. समोर पेंढा भरलेला ससाणा ठेवला की कोंबडी जास्त वेळ निपचित राहते. डोळे उघडे, शरीर ताठ, आजूबाजूचं सगळं मेंदूत नोंदवलं जातंय, पण हालचाल शून्य. याला टॉनिक इम्मोबिलिटी म्हणतात. आपण ताठर स्तब्धता म्हणू.

उत्क्रांतीने असलं वेडगळ वर्तन टिकवलं कशाला? याचं उत्तर बदकं देतात. अमेरिकेत कोल्हे आणि बदकांवर केलेला एक अभ्यास 1975 साली प्रसिद्ध झाला. कोल्ह्याने तोंडात पकडताच बहुतेक बदकं निश्चल झाली. धडपडणारं भक्ष्य कोल्हा आणखी चावतो, निपचित पडलेलं तो कधीकधी बाजूला टाकतो, आणि तेवढ्यात काही बदकं निसटली. म्हणजे पळायची वेळ निघून गेली, लढून उपयोग नाही, शरीर पकडलं गेलंय, अशा शेवटच्या टप्प्यावरचा हा डाव आहे. त्यात भय आणि जखडलं जाणं या दोन गोष्टी एकत्र लागतात. लैंगिक अत्याचारात नेमक्या याच दोन गोष्टी एकत्र येतात, हे सुआरेझ आणि गॅलप यांनी 1979 सालीच लिहिलं होतं. पण कोंबड्यांवर काम करणाऱ्यांचं न्यायालयात कोण ऐकतं?

मोठा पुरावा 2017 साली आला. स्टॉकहोममध्ये अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी एक तातडीचं उपचारकेंद्र आहे. तिथे आलेल्या 298 स्त्रियांशी ॲना मॉलर आणि सहकाऱ्यांनी बोलून माहिती घेतली. 70 टक्के स्त्रियांना अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात ताठर स्तब्धता आली होती, 48 टक्क्यांमध्ये ती टोकाची होती. म्हणजे ज्याला आपण अपवाद समजून उलटतपासणी घेतो, तो इथे बहुसंख्यांचा अनुभव आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. तो थोडा किचकट आहे, पण सोडून देऊ नका, कारण सगळी गंमत इथेच आहे.

मेंदूच्या मधोमध, मध्यमेंदूत, द्रव वाहून नेणारी एक अरुंद नळी आहे. तिच्याभोवती राखाडी पेशींचा एक वेढा आहे. त्याचं नाव पेरिॲक्विडक्टल ग्रे. आपण पीएजी म्हणू. आकाराने क्षुल्लक, पण धोक्यात शरीराने काय करायचं याचे तयार कार्यक्रम इथे साठवलेले असतात. याच्या वरच्या आणि बाजूच्या पट्ट्यांना चेतवलं तर प्राणी पळतो किंवा अंगावर येतो. खालच्या-बाजूच्या पट्ट्याला चेतवलं तर तो जागच्या जागी थिजतो आणि त्याची वेदनेची जाणीवही बोथट होते.

मग हा खालचा पट्टा चालू कसा होतो? स्वित्झर्लंडच्या बाझलमधल्या आंद्रेआस ल्यूथी यांच्या प्रयोगशाळेने 2016 साली उंदरांमध्ये हे मंडल, म्हणजे पेशींची ही जोडणी, पेशी-पेशीने उलगडलं. आपल्याला वाटेल की भीतीचं केंद्र असलेला अमिग्डला थेट बटण दाबत असेल. तसं नाही. थिजण्याचा हुकूम देणाऱ्या पेशी पीएजीमध्ये कायम तयारच असतात, पण शेजारच्या दुसऱ्या पेशी त्यांना सतत दाबून ठेवतात. अमिग्डलाकडून येणारा तंतू हुकूम देणाऱ्या पेशींना हातच लावत नाही. तो त्या दाबून ठेवणाऱ्या पेशींना गप्प करतो. वर्गाला शांत ठेवणाऱ्या मॉनिटरला मुख्याध्यापकांनी बोलावून नेलं की वर्ग जे करतो, तेच इथे होतं. फक्त इथल्या गोंधळाचं नाव स्थिरता. मोकळ्या सुटलेल्या या हुकूम देणाऱ्या पेशी मेंदूच्या देठातल्या एका पेशीसमूहाला संदेश देतात आणि तिथून मज्जारज्जूच्या हालचाल घडवणाऱ्या यंत्रणेचा ताबा घेतला जातो. शिवाय पळण्याची आणि थिजण्याची मंडलं एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे एक वरचढ झालं की दुसरं मागे पडतं.

या संपूर्ण साखळीत, अमिग्डला ते मज्जारज्जू, ‘मी ठरवलं’ असं म्हणणारा मेंदूचा भाग कुठे आला? कुठेच नाही. विचारपूर्वक निर्णय घेणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या रस्त्यावर नाही. इतकंच नव्हे, तर तीव्र ताणात नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं मर्यादेबाहेर वाढली की तिथल्या पेशींमधल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात, त्यांचे परस्परसंबंध ढिले पडतात आणि तो भाग तात्पुरता जवळजवळ निकामी होतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टेन यांचं हे काम. माणसांमध्ये हीच सरकासरक दिसते. लंडनमध्ये डीन मॉब्ज यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून संगणकाच्या पडद्यावर एक शिकारी त्यांच्या मागे लावला. पकडलं गेलं की विजेचा झटका. शिकारी लांब असताना मेंदूचा पुढचा भाग कामात होता. तो जवळ आला तशी सक्रियता पीएजीकडे सरकली. हे 2007 साली प्रसिद्ध झालं.

उंदराचं थिजणं आणि माणसाची ताठर स्तब्धता ही तंतोतंत एक नव्हे, हे इथेच सांगतो. उंदीर थिजतो तेव्हा हृदयाचे ठोके सहसा मंदावतात. ब्राझीलमध्ये एलियान व्होलचान यांच्या गटाने भीषण प्रसंगांतून गेलेल्या माणसांना शरीराचं डोलणं मोजणाऱ्या फळीवर उभं केलं आणि त्यांच्याच प्रसंगाचं ध्वनिमुद्रित वर्णन त्यांना ऐकवलं. एरवी उभा माणूस नकळत जरा डोलत असतो. ज्यांनी जास्त स्तब्धता आल्याचं सांगितलं, त्यांचं डोलणं कमी झालं आणि हृदय मात्र जोरात धावत होतं. बाहेरून पुतळा, आत वणवा. म्हणून ‘ती तर शांत होती’ ही साक्ष प्रामाणिक असूनही निरर्थक असू शकते.

समाजमाध्यमांवर या विषयाचं जे चालतं, त्याबद्दल दोन शब्द. ‘आपल्या आतला सरड्याचा मेंदू जागा होतो’ हे वाक्य ठिकठिकाणी दिसेल. मेंदूचे सरपटणारा, सस्तन आणि मानवी असे तीन मजले असतात, ही कल्पना मेंदूच्या अभ्यासकांनी कधीच मोडीत काढली आहे. ‘अमुक नस दाबा, आघात बाहेर टाका’ म्हणणारे पाच मिनिटांचे व्हिडिओ तर जुन्या गंडेदोऱ्यांची नवी आवृत्ती. दुसऱ्या टोकाला देहबोली वाचून खरं-खोटं ओळखणारे स्वयंघोषित तज्ज्ञ असतात. रडली नाही म्हणजे खोटं, फार रडली म्हणजे नाटक. यांना चौकशीच्या खोलीपासून शंभर हात लांब ठेवावं.

आठवणींचंही थोडक्यात सांगतो. तीव्र ताणात ज्या गोष्टीवर लक्ष खिळलं ती पक्की ठसते, पण आजूबाजूचे तपशील आणि घटनांचा क्रम कच्चा राहू शकतो. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात सैनिकांना मुद्दाम कठोर चौकशीला सामोरं जावं लागतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त ताणाच्या चौकशीनंतर बऱ्याच सैनिकांना आपली चौकशी करणारा माणूसच नीट ओळखता आला नाही. धडधाकट, तयारीचे सैनिक होते ते. तेव्हा आधी दार बंद झालं की दिवा, यात गोंधळ झाला म्हणून कुणी खोटारडं ठरत नाही. मात्र उत्साही प्रशिक्षक कधीकधी याचं उलट टोक गाठतात आणि तुटक आठवण हाच अत्याचाराचा पुरावा मानतात. तेही चूक. विस्कळीत आठवणीवरून आरोप खराही ठरत नाही आणि खोटाही. त्यासाठी बाकीचा पुरावा तपासावा लागतो.

महाविद्यालयांच्या बाबतीत हे सगळं जास्त लागू पडतं, कारण इथला हल्लेखोर सहसा अंधारातला अनोळखी माणूस नसतो. मेरी कॉस यांनी 1987 साली अमेरिकेतल्या 32 शिक्षणसंस्थांमधल्या 6159 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हाच दिसलं होतं की अत्याचार करणारा बहुतांश वेळा ओळखीचा असतो. वर्गमित्र, प्रियकर, वरच्या वर्गातला विद्यार्थी, कधी मार्गदर्शक. परिसरात दिवे वाढवणं चांगलंच, पण ओळखीच्या खोलीत घडणाऱ्या गोष्टीला रस्त्यावरच्या दिव्याचा काय उपयोग? आणि हे सोसणारे सगळे स्त्रियाच असतात असंही नाही. पुरुषांमध्येही ही स्तब्धता येते, आणि ‘पुरुष असून लढला नाहीस?’ या भीतीने ते आणखी उशिरा बोलतात.

पहिल्यांदा सांगितलं जातं ते बहुधा मित्राला किंवा मैत्रिणीला. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात सारा उलमन यांनी वर्षानुवर्षं याच क्षणाचा अभ्यास केला आहे. दोष देणाऱ्या, अविश्वास दाखवणाऱ्या किंवा सूत्रं परस्पर हातात घेणाऱ्या प्रतिक्रिया मिळाल्या, तर पुढचा मानसिक त्रास अधिक तीव्र असतो. त्यातली तिसरी प्रतिक्रिया भल्या मनाच्या लोकांकडूनच येते. ‘चल, आत्ता पोलिसांत जाऊ’ म्हणून हाताला धरून ओढणं, किंवा न विचारता रेक्टरना सांगून टाकणं. ज्या माणसाचा आपल्या शरीरावरचा ताबा नुकताच हिरावला गेलाय, त्याच्या हातून आणखी एक निर्णय काढून घेऊ नये. घाई फक्त वैद्यकीय मदतीची असते, हे मात्र स्पष्ट सांगावं. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत, खरं तर जितकी लवकर तितकी बरी, सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. तातडीची गर्भनिरोधक गोळीही जितकी उशिरा घ्याल तितकी कमी उपयोगी. उपचार मिळण्यासाठी तक्रार केलीच पाहिजे असं नाही, हेही सांगावं.

कायदा विज्ञानाच्या मागून, पण येतोय. स्वीडनने 2018 साली बलप्रयोगाऐवजी संमती हा निकष धरला. भारताच्या कायद्यात 2013च्या दुरुस्तीपासून असं स्पष्ट लिहिलेलं आहे की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही. 2023 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एबनी धवन आणि पॅट्रिक हॅगार्ड यांनी हाच मेंदूविज्ञानाचा मुद्दा कायद्याच्या जाणकारांपुढे नेमकेपणाने मांडला.

मग स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण मोडीत काढायचं का? अजिबात नाही. कॅनडात चार्लीन सेन यांनी तीन विद्यापीठांमधल्या 893 विद्यार्थिनींवर बारा तासांच्या एका कार्यक्रमाची चाचणी घेतली. ती 2015 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण माहितीपत्रकं मिळालेल्या गटात 9.8 टक्के होतं, प्रशिक्षित गटात 5.2 टक्के. पण त्या कार्यक्रमात कोपर मारण्याला दुय्यम जागा होती. बराचसा वेळ ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर ओळखणं आणि त्याला दुखावण्याचा संकोच बाजूला सारणं यावर दिला होता, म्हणजे वरची साखळी सुरू होण्याच्या आधीच्या टप्प्यावर. आणि 5.2 म्हणजे शून्य नव्हे. प्रशिक्षण घेतलेली मुलगीही थिजू शकते, तेव्हा ‘शिकवलं होतं तरी?’ हा प्रश्नही बादच.

चौकशी समितीला आणि समुपदेशकाला यातून एक सोपा बदल करता येईल. ‘प्रतिकार केला का? होय/नाही’ हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी ‘त्या वेळी शरीराला काय जाणवत होतं?’, ‘हलावंसं वाटत होतं पण हलता येत नव्हतं, असं झालं का?’ असं विचारावं. स्टॉकहोमच्या अभ्यासात त्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्यांना ताठर स्तब्धता आली होती त्यांच्यात आघातोत्तर ताणविकाराची शक्यता सुमारे पावणेतीन पट आणि तीव्र नैराश्याची जवळजवळ साडेतीन पट निघाली. एक कारण असंही असू शकतं की आपण का हललो नाही, याचा दोष ती व्यक्ती स्वतःलाच देत राहते. म्हणून या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर पुढच्या भेटीची तारीख त्याच बैठकीत द्यावी, आणि ती व्यक्ती निघण्यापूर्वी पीएजीची वरची गोष्ट चार वाक्यांत सांगावी.