चष्म्याचा नंबर आणि मेंदूतली गाठ

मेंदूतल्या गाठीमुळे नजर अधू झालेलं मूल सोलापूरच्या सिव्हिलमध्ये पोहोचतं, तोवर अनेकदा त्याचा चष्मा बदलून झालेला असतो आणि सकाळच्या उलट्यांवर पित्ताचं औषधही. डॉक्टरांना हा आजार नवा आहे, असं मुळीच नाही.

गाठ वाढली किंवा तिने मेंदूतल्या पाण्याची वाट अडवली, की कवटीतला दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस सुजते. ही सूज बाहेरून पाहता येते. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने डोळ्याचा पडदा पाहण्याचं यंत्र आणलं आणि १८६० मध्ये बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी या सुजेचा मेंदूतल्या गाठीशी संबंध जोडला. खुद्द गाठ मात्र दिसत नव्हती. पुढे १९१८ पासून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढू लागले. त्यात पोरांचे काय हाल होत असतील! रुग्णाचं पहिलं सिटी स्कॅन लंडनला झालं ते १९७१ मध्ये. तेव्हा सोलापूरचं मेडिकल कॉलेज सुरू होऊन आठ वर्षं झाली होती.

जिल्ह्याला या इतिहासात स्वतःचंही एक पान आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. पण मुलांची नजर नेणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. अमेरिकी मेंदूशल्यविशारद कुशिंगने १९३२ मध्ये क्रेनिओफॅरिंजिओमा हे नाव रूढ केलं, ती गाठ कर्करोगाची नव्हे. तरी दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथेच ती दाबते आणि दोन्ही बाजूंचं दिसणं जातं. समोरचं दिसत राहतं. पोरगं फळ्यावरचं वाचतं, पण दारातून जाताना चौकटीला धडकतं, आणि घरचे म्हणतात, 'धांदरट आहे!'

शाळेतली तपासणी इथेच कमी पडते, असं मला वाटतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत येतात, पण अक्षरांचा तक्ता समोरची नजर मोजतो. नसेच्या सुजेतही सुरुवातीला मूल शेवटची ओळ वाचू शकतं. डोकं दुखून सकाळी उलट्या होत असतील, नजर नव्याने तिरळी झाली असेल किंवा चष्म्यानेही नीट दिसत नसेल, तर थेंब घालून पडदा तपासायला हवा. त्याला स्कॅन लागत नाही. नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होतं. नस एकदा फिकी पडली, की गाठ काढूनही गेलेली नजर बहुधा पुरती परतत नाही.