सामुदायिक महाविद्यालयमार्गे विद्यापीठप्रवेश

चार वर्षांच्या पदवीपैकी पहिली दोन वर्षे कमी शुल्काच्या सार्वजनिक द्विवर्षीय महाविद्यालयात पुरी करायची आणि तेथील श्रेयांकांसह विद्यापीठाच्या थेट तिसऱ्या वर्षात दाखल व्हायचे, अशी ही अमेरिकी पद्धत आहे. बोलण्यात तिला नुसते ‘ट्रान्सफर’ म्हणतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये ‘दोन अधिक दोन’ हे नावही चालते. पदवीपत्रावर नाव येते ते फक्त विद्यापीठाचे. महाराष्ट्रात दहावीनंतर पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. मात्र आपल्याकडे अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि त्याची सांगड संस्थांनी आधीच घातलेली असते, तर अमेरिकेत कोणता विषय कोठे चालेल हे पाहण्याची बरीचशी जबाबदारी विद्यार्थ्यावर येते. ही पद्धत बहुतेक राज्यांत आहे, परंतु तिचे सर्वांत विस्तृत आणि नियमबद्ध रूप कॅलिफोर्नियात दिसते. म्हणून या नोंदीत मुख्यतः त्याच राज्याचा विचार केला आहे.

या संस्थांचा उगम शिकागोजवळ आहे. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे मत असे होते की, पदवीची पहिली दोन वर्षे ही खरे पाहता शालेय शिक्षणाचाच पुढचा टप्पा असून विद्यापीठाचे काम तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. त्यांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावच्या हायस्कुलात सहा विद्यार्थ्यांवर पुढचे वर्ग सुरू झाले. आजचे जोलिएट ज्युनियर कॉलेज ते हेच. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून हायस्कुलांना असे वर्ग चालवण्याची मुभा दिली, आणि १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे त्या राज्यातील पहिले कनिष्ठ महाविद्यालय उघडले. येथील ‘कनिष्ठ’ आणि आपल्याकडील अकरावी-बारावीचे ‘कनिष्ठ महाविद्यालय’ यांत नामसाम्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, निवृत्त सैनिकांच्या शिक्षणासाठी १९४४ मध्ये झालेल्या कायद्यामुळे विद्यार्थिसंख्या एकदम वाढली. ‘सामुदायिक महाविद्यालय’ हे नाव रूढ झाले त्यात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालाचा मोठा वाटा आहे.

कॅलिफोर्नियात खरी घडी बसली ती १९६० मध्ये. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने आखलेल्या उच्च शिक्षणाच्या बृहद् आराखड्याने राज्यातील संस्थांचे तीन स्तर केले. हायस्कूल उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटीची महाविद्यालये आणि बाकी सर्वांसाठी सामुदायिक महाविद्यालये, अशी ही वाटणी होती. वरवर पाहता ती उतरंडच आहे. पण तळाच्या स्तरातून वर जाण्याची वाट तिच्यातच ठेवली होती आणि विद्यापीठांनी तिसऱ्या वर्षाच्या जागा प्रामुख्याने याच विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात असे अभिप्रेत होते. आज राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी कोलोरॅडो विद्यापीठात एक वर्ष काढल्यावर कुपर्टिनोच्या डी ॲन्झा महाविद्यालयात शिकून मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा बर्कली परिसर गाठला. परदेशी विद्यार्थ्यांना या वाटेचा लाभ मिळतो तो मुळात स्थानिकांसाठी बांधलेल्या रस्त्यावरून चालणाऱ्या पाहुण्यासारखा. रस्ता तोच, टोल मात्र वेगळा.

युनिटांचा हिशेब

श्रेयांकांचा सर्व व्यवहार ‘युनिट’ या मापात चालतो. तिसऱ्या वर्षात जाण्यासाठी सहामाही सत्रपद्धतीची ६० किंवा तिमाही पद्धतीची ९० युनिटे लागतात. म्हणजे सहामाहीचे एक युनिट तिमाहीच्या दीड युनिटाबरोबर. युनिटे पुरी झाली म्हणजे काम झाले, असा गैरसमज पालकांमध्ये सर्रास आढळतो. वास्तविक एकाच विषयाबद्दल तीन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात : तो विद्यापीठात मुळात धरला जाईल का, सर्वसाधारण शिक्षणाच्या अटींपैकी एखादी अट तो भागवतो का, आणि इच्छित विद्याशाखेच्या पूर्वतयारीत तो बसतो का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर युनिटे खात्यावर जमा होतात पण पदवी लांबते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘असिस्ट’ या राज्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर मिळते. आपले महाविद्यालय, जायचे ते विद्यापीठ आणि विद्याशाखा निवडली की समोर दोन रकाने येतात. एका बाजूला विद्यापीठाचा विषय असतो आणि त्यासमोर महाविद्यालयातील समकक्ष विषय, किंवा समकक्ष विषय नसल्याची नोंद. कलनशास्त्राचे (कॅल्क्युलसचे) उदाहरण घेतले तर यातील खाचखळगे कळतात. डी ॲन्झात तिमाही पद्धत असल्यामुळे कलनाची मालिका मॅथ १ए, १बी, १सी आणि १डी अशा चार भागांत, प्रत्येकी ५ युनिटांची आहे. सँटा मोनिका महाविद्यालयात सहामाही पद्धत असून तेवढाच भाग मॅथ ७, ८ आणि ११ अशा तीन विषयांत उरकतो. चारांपैकी दोन भाग डी ॲन्झात करून कोणी मध्येच सँटा मोनिकात बदली घेतली, तर तीनांपैकी कोठून सुरुवात करावी हा पेच पडतो, आणि पुष्कळदा अर्धा विषय पुन्हा शिकावा लागतो. मालिका ज्या महाविद्यालयात सुरू केली तेथेच संपवावी, असे समुपदेशक बजावतात ते याचसाठी.

सर्वसाधारण शिक्षणासाठी २०२५ च्या शरद सत्रापासून ‘कॅल-जेटसी’ नावाचा एकच ३४ युनिटांचा आराखडा दोन्ही विद्यापीठव्यवस्थांना लागू झाला आहे. त्यात लेखन, वक्तृत्व, गणित, कला, समाजशास्त्रे, विज्ञान आणि वांशिक अभ्यास येतात. बारावी विज्ञान करून गेलेल्या मुलाला हे सारे आडवळण वाटते. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याने मात्र हा आराखडा पुरा करण्याच्या नादात भौतिकी आणि गणिताच्या मालिका मागे ठेवू नयेत, कारण प्रवेश ठरतो तो मुख्यतः त्यांवर.

हमीचा प्रवेश

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नऊ पदवी-परिसरांपैकी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा परिसर राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना अटी पुऱ्या केल्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. ‘ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी’च्या आद्याक्षरांवरून तिला ‘टॅग’ म्हणतात. परदेशी नागरिकांनाही ती खुली आहे, पण एका वेळी एकाच परिसराकडे मागता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांची अशी हमी नाही. तेथे स्पर्धा करूनच जावे लागते. सहा परिसरांतही सर्व शाखा हमीत येत नाहीत. उदाहरणार्थ, सँटा बार्बराचे अभियांत्रिकी महाविद्यालय तिच्याबाहेर आहे. जाहिरातीत ‘हमी’ हा शब्द ठळक असतो आणि शाखांची यादी बारीक अक्षरात, हे येथेही खरे.

वेळापत्रक दिसते त्यापेक्षा कडक आहे. शरद सत्रातील प्रवेशासाठी हमीचा अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये करायचा असतो आणि तोवर ३० सहामाही युनिटे हाती असावी लागतात. ऑगस्टमध्ये पोचलेल्या मुलाला पुढच्याच वर्षीच्या सप्टेंबरात अर्ज करावा लागत असल्याने निर्णयाला आधार होतो तो जवळपास पहिल्या वर्षाच्या गुणांचा. थंडी, एकटेपणा, स्वयंपाक आणि नवी शिक्षणपद्धत यांच्याशी झगडण्याचे जे वर्ष, तेच मोजले जाते. हमीसाठी लागणारी गुणसरासरी परिसर आणि शाखेप्रमाणे बदलते. हमीविना साधा अर्ज करण्याची किमान अटसुद्धा राज्यातील रहिवाशाला ४.० पैकी २.४ आणि बाहेरच्याला २.८ अशी वेगवेगळी आहे. प्रवेशपरीक्षा मात्र लागत नाही. महाविद्यालय बारावीच्या निकालावर आणि इंग्रजीच्या माफक गुणांवर प्रवेश देते, आणि ट्रान्सफरच्या वेळी विद्यापीठ शाळेतील गुणांपेक्षा महाविद्यालयातील कामगिरी पाहते. बारावीला घसरलेल्या विद्यार्थ्याला पाटी कोरी करून मिळते, हा या वाटेचा पैशापेक्षाही मोठा फायदा म्हणता येईल.

खर्च

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटाला ४६ डॉलर पडतात. हा दर २०१२ पासून तोच आहे. परदेशी विद्यार्थ्याकडून त्याशिवाय अनिवासी शुल्क घेतात आणि ते जिल्ह्यागणिक बदलते. दोन्ही धरून सहामाही युनिटाला साधारणतः ३०० ते ५०० डॉलर, म्हणजे ३० युनिटांच्या वर्षाला ९,००० ते १५,००० डॉलर होतात. याच्या तुलनेत युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२४-२५ साली नुसता अनिवासी अधिभार ३४,२०० डॉलर होता आणि मूळ शिक्षणशुल्क त्याहून निराळे. दोन वर्षांत होणारी बचत त्यामुळे खरीच मोठी आहे.

परंतु ती फक्त पहिल्या दोन वर्षांची आहे. ट्रान्सफर झाल्यावर परदेशी विद्यार्थी पुन्हा अनिवासीच राहतो, कारण विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर कितीही वर्षे काढली तरी शुल्कापुरते राज्याचे रहिवासी होता येत नाही. ‘दोन वर्षे राहिलं की फी कमी होते’ असे कोणी सांगत असेल, तर ते स्थलांतरितांविषयी असते, एफ-१ विद्यार्थ्याविषयी नव्हे. सिलिकॉन व्हॅलीतील मराठी कुटुंबांत हा गोंधळ विशेष दिसतो. तेथे आईवडिलांच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर असलेली भाची राज्यवासीयांच्या दराने शिकत असते आणि पुण्याहून एफ-१ वर आलेला तिचा मामेभाऊ त्याच वर्गात कितीतरी पट शुल्क भरत असतो. शिवाय यांतील बहुसंख्य महाविद्यालयांना वसतिगृह नाही. कुपर्टिनो किंवा सँटा मोनिकासारख्या महागड्या गावात खोलीचे भाडे शुल्कातील बचतीचा मोठा हिस्सा खाते. म्हणून शुल्कपत्रकाइतकाच भाड्याचा दरही पाहूनच महाविद्यालय निवडणे शहाणपणाचे.

व्हिसा आणि काम

ट्रान्सफरच्या उद्देशाने शिकणाऱ्याला विद्यापीठीय विद्यार्थ्याप्रमाणेच एफ-१ व्हिसा मिळतो. एम-१ हा निव्वळ व्यावसायिक प्रशिक्षणासाठी असतो. महाविद्यालय व्हिसासाठी लागणारे ‘आय-२०’ हे पत्र देते, आणि त्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम दाखवावी लागते. प्रत्येक सत्रात किमान १२ युनिटे घ्यावी लागतात व त्यांत ऑनलाइन वर्गांची गणना जेमतेम एकापुरती होते. ट्रान्सफरच्या वेळी जुने महाविद्यालय शासकीय प्रणालीतील नोंद नव्या विद्यापीठाकडे सोडते आणि तेथून नवे आय-२० निघते. व्हिसाच्या मुलाखतीत अधिकारी हमखास विचारतात की, थेट विद्यापीठात का नाही? ‘स्वस्त आहे म्हणून’ एवढे उत्तर खरे असले तरी अपुरे पडते. कोणत्या शाखेसाठी, कोणत्या परिसराकडे आणि कोणत्या विषयांद्वारे जायचे आहे, हे सांगता आले तर आराखडा खरा वाटतो.

सत्र चालू असताना महाविद्यालयाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. दोन वर्षांची सहयोगी पदवी घेतल्यास १२ महिन्यांच्या प्रशिक्षणात्मक नोकरीची परवानगी मिळू शकते आणि पुढच्या स्तराची पदवी घेतल्यावर ती पुन्हा मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना असलेली २४ महिन्यांची वाढ मात्र चार वर्षांच्या किंवा त्यावरच्या पदवीलाच लागू आहे.

मर्यादा

या व्यवस्थेवरील सर्वांत जुनी आणि बोचरी टीका समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांची आहे. सॅन होजे येथील महाविद्यालयाचा अभ्यास करून त्यांनी १९६० मध्ये दाखवले की, पुढे जाण्याच्या इच्छेने आलेल्या अनेकांची महत्त्वाकांक्षा या संस्था हळूहळू थंड करतात आणि तरी नकार कोणी दिला असे वाटू देत नाहीत. युनिटांची गळती हे दुसरे दुखणे. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार सर्व प्रकारच्या संस्थांतील ट्रान्सफर विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के श्रेयांके वाया गेली होती. राज्यातल्या राज्यात, आधी ठरवलेल्या विषयांनी गेल्यास ही गळती कमी होते. कॅलिफोर्नियाबाहेरील किंवा खाजगी विद्यापीठाकडे वळल्यास वाढते. भारतातून जाणाऱ्यांत पदव्युत्तर विद्यार्थीच अधिक असल्याने घरी किंवा शेजारी या वाटेचा अनुभवी माणूस बहुधा सापडत नाही, आणि एजंट सांगेल ते प्रमाण मानले जाते. महाविद्यालयातला समुपदेशक मात्र कोणतेही जादा शुल्क न घेता दोन वर्षांचा विषयवार आराखडा लिहून देतो. त्याची भेट पहिल्या सत्राचे विषय नोंदवण्याआधीच घ्यावी लागते.