एका अक्षराला एकच कोड? खुलासा

मराठीतल्या प्रत्येक अक्षराला, अगदी जोडाक्षरालाही, युनिकोडचा (संगणकात अक्षरांना आकडे देणारी जागतिक पद्धत) एकेक आकडा असतो, असं बरेच दिवस फिरतंय. दिसायला अक्षर एक, म्हणून समज स्वाभाविक आहे. पण आकडे स्वर, व्यंजनं, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त (पाय मोडायची खूण) यांना वेगवेगळे असतात.

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल (जावास्क्रिप्टच्या आज्ञा टंकायची जागा) उघडा. आकड्यांवरून मजकूर बनवणाऱ्या स्ट्रिंग.फ्रॉमकॅरकोड या आज्ञेला २३६०, २३६६, २३०६, २३२७, २३५४, २३६८ द्या (नाव आणि अंक इंग्रजीत टंकून). 'सांगली' उमटेल. अक्षरं तीन, पण लेंग्थ, म्हणजे आकड्यांची लांबी, ६. 'क्ष'चे आकडे तीन: २३२५, २३८१, २३५९.

खरी अडचण 'कऱ्हाड'ची. त्यातला 'ऱ' कुठे २३५३ असा एकसंध, कुठे २३५२ अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) २३६४, तर कुठे साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह ८२०५ जोडलेलं. तिन्ही दिसतात सारखे, पण शोधताना जुळत नाहीत! नुक्त्याचा प्रकार नॉर्मलाइझ या आज्ञेने एकसंध होतो. ८२०५चा होत नाही, तो आधी स्वतः बदलून घ्यावा.

इमोजींचे बहुतेक आकडे ६५५३५च्या पुढचे. तिथे फ्रॉमकॅरकोड आकडा कापून भलतंच चिन्ह देतं, फ्रॉमकोडपॉइंट वापरा.