डिस्कच्या पोटातली शेगडी

सर्व्हर डेबियन 12 या लिनक्स प्रणालीवर नेला की अनेकांना पहिला धक्का बसतो तो 'एचडीडीटेम्प' सापडत नाही याचा. डिस्कचं तापमान वर्षानुवर्षं याच छोट्या प्रोग्रामला विचारायची सवय, आणि आता पॅकेजांच्या यादीत तो नाहीच. मग जुनी फाइल कुठून तरी आणून बसवायचा खटाटोप सुरू होतो. तो करू नका. एचडीडीटेम्पने स्वतः कधी काही मोजलं नाही. मोजते ती डिस्क, हा फक्त निरोप्या होता.

पण डिस्कला थर्मामीटर हवा कशाला? आपल्यासाठी नव्हे, तिच्या स्वतःच्या कामासाठी. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कमध्ये चकतीची बाहेरची कड ताशी सुमारे 130 किलोमीटर वेगाने हेडखालून, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाच्या भागाखालून, पळते. वाचता-लिहिताना हेडचं टोक आणि चकती यांच्यात अंतर उरतं एक-दोन नॅनोमीटर. साध्या कागदाची जाडी भरते जवळपास एक लाख. हवेच्या थरावर तरंगणारं हेड इतकं नेमकं खाली आणायचं कसं? त्यासाठी हेडमध्येच एक सूक्ष्म हीटर बसवलेला असतो. त्यात मिलिवॅटमध्ये मोजावी इतकी वीज सोडली की भोवतीचा भाग तापून फुगतो आणि टोक काही नॅनोमीटर चकतीकडे सरकतं. काम झालं, हीटर बंद, टोक मागे. 'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' हे शाळेतलं वाक्य इथे चक्क नोकरीला लागलंय!

खरी गोम पुढे आहे. डिस्क मुळातच तापलेली असली तर टोक आधीच थोडं पुढे आलेलं असतं, हीटरला कमी वीज पुरते. गार असली तर जास्त लागते. शिवाय गारठ्यात चकतीवरच्या चुंबकीय थराची कोअर्सिव्हिटी वाढते, म्हणजे त्याची चुंबकीय दिशा बदलायला जास्त जोर लागतो, म्हणून लिहिण्याचा विद्युतप्रवाहही बदलावा लागतो. हा सारा हिशेब डिस्कमधलंच सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, तापमान पाहून करतं. आपण त्याच आकड्यात डोकावतो, इतकंच.

तेव्हा 'जितकी गार तितकी टिकाऊ' हे सरसकट खरं नाही. गूगलच्या तीन संशोधकांनी 2007 साली लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला, त्यात कमी तापमानाच्या डिस्काच जास्त बिघडलेल्या आढळल्या. उष्णतेचा फटका ठळक दिसला तो फार तापलेल्या, वय झालेल्या डिस्कांत. मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या अभ्यासात मात्र तापमान आणि बिघाड यांचा संबंध चांगलाच दिसला, म्हणजे वाद मिटलेला नाही. मेलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून जिवंत करण्याचा तोडगा मात्र निव्वळ बुवाबाजी. बाहेर काढली की दव धरणार, आणि नॅनोमीटरच्या फटीत दवाचा थेंब म्हणजे डोंगरच.

आता बसवायचं काय? लिनक्स 5.6 पासून, म्हणजे 2020 पासून, कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, 'ड्राइव्हटेम्प' हे मॉड्यूल आहे. ते लोड केलं की साटा जोडणीच्या डिस्कचं तापमान 'सेन्सर्स' कमांडमध्ये प्रोसेसरच्या शेजारी दिसू लागतं, तेही रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, न होता. त्याची फाइल थेट उघडलीत आणि 38000 दिसलं तर दचकू नका, तो आकडा अंशाच्या हजाराव्या भागांत असतो.

इशारे हवे असतील तर डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणारा 'स्मार्टमॉनटूल्स' हा संच घ्या. त्यातला मागे सतत चालणारा 'स्मार्टडी' वेगळं काही सांगितलं नाही तर दर 30 मिनिटांनी डिस्क तपासतो. तापमानासाठी त्याला 4, 45, 55 असे तीन आकडे दिले, तर 4 अंशांचा फरक पडला की नोंद, 45 गाठले की नोंद आणि 55 ला इशारा. मेलचा पत्ता दिला असेल तर तो इशारा मेलनेही येतो. माझ्या मते यातला पहिला आकडा सर्वांत कामाचा. आठही डिस्का 44 वर स्थिर असतील तर असू देत. एकटीच 36 वरून 44 वर गेली असेल तर आधी तिच्यासमोरचा पंखा बघा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, हे काही बसवू नका. तिथल्या डिस्कला चकतीच नाही, ताप कुठून येणार? आणि अनेक डिस्का एकत्र बांधणाऱ्या रेड कंट्रोलरमागे दडलेल्या डिस्का स्मार्टमॉनटूल्समधल्याच 'स्मार्टसीटीएल' कमांडला बहुधा तेव्हाच दिसतात, जेव्हा कंट्रोलरचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक आपण स्वतः सांगतो.