माणसाळलेला लावा आणि थिजलेला लावा

तळहातावर उताणा पडलेला लावा पक्षी, पाय वर, डोळे उघडे, हालचाल शून्य आणि खाली मजकूर: 'बघा, किती विश्वास टाकलाय!' असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्या पक्ष्याने विश्वास वगैरे काही टाकलेला नसतो, तो भीतीने थिजलेला असतो. नव्याने लावे पाळणाऱ्यांची फसगत होते ती नेमकी इथेच. माणसाळलेला लावा हातात शांत बसतो आणि भेदरलेलाही शांतच बसतो. पण पहिल्याला रोज हातात घेतलं तर तो आणखी धीट होत जातो आणि दुसऱ्याला रोज हातात घेतलं तर तो आणखी बुजतो. म्हणून आपल्या हातात कोणता आहे, हे ओळखता आलं पाहिजे.

थिजणं म्हणजे काय, ते आधी पाहू. लावा जमिनीवर राहणारा, अंगाने भरलेला पक्षी. आकाशातून शिकारी पक्षी आणि जमिनीवरून मांजर, मुंगूस, साप, कोल्हा असे सगळेच त्याच्यावर टपलेले. त्याच्याकडे बचावाचे मार्ग मोजके: मातीशी मिळताजुळता रंग, दबून बसणं, अगदी जवळ आलेल्या शत्रूच्या तोंडावरून एकदम वर झेपावणं आणि पकडला गेलाच तर निपचित पडणं. हे निपचित पडणं तो ठरवून करत नाही. पक्ष्याला धरून दाबून ठेवलं, विशेषतः उताणं केलं, की शरीर आपोआप तसं वागतं. काही सेकंदांपासून कित्येक मिनिटांपर्यंत तो तसाच पडून राहतो. शुद्ध गेलेली नसते, डोळे-कान चालू असतात. शिकाऱ्याला वाटतं काम झालं, पकड सैल होते आणि पक्षी निसटतो. कोल्ह्यांसमोर बदकं सोडून केलेला एक प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पकडली गेलेली बदकं अशीच लुळी पडली आणि त्यातली काही त्यामुळेच वाचली.

माणसाला हा प्रकार जुनाच ठाऊक आहे. १६४६ साली अथानासियस किर्शर या जर्मन पाद्र्याने पाय बांधलेली कोंबडी जमिनीवर दाबून, तिच्या चोचीपुढे खडूची रेघ ओढून ती कशी निश्चल पडून राहते, याचं वर्णन केलं होतं. रेघेचा त्यात काही हात नव्हता, दाबून धरण्याचा होता. पुढे पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच भित्रेपणाचं माप म्हणून वापरायला घेतलं: पक्षी जितका जास्त वेळ थिजून राहतो तितका तो भित्रा. फ्रान्समध्ये मिल्स आणि फोर या संशोधकांनी जपानी लाव्यांचे (पाळतात ते बहुतेक याच जातीचे) याच गुणावर दोन वेगळे वंश तयार केले, एक लांब वेळ थिजणारा आणि एक पटकन सावरणारा. ते काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे भित्रेपणाचा काही भाग लावा अंड्यातूनच घेऊन येतो. आणि व्हिडिओतला तो सगळ्यात 'शांत' पक्षी त्या मापाने सगळ्यात घाबरट ठरतो. गंमत म्हणून लाव्याला उताणं करणं मला म्हणूनच अजिबात पटत नाही.

माणसाळलेल्या लाव्याची शांतता वेगळी असते आणि ती जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. तळहात पिंजऱ्याच्या तळाशी सपाट ठेवा आणि पक्षी त्यावर आला की पाहा. धीट पक्ष्याची पिसं सैल असतात, छाती थोडी फुगलेली आणि मान आखूड दिसते. तो एक पाय तुमच्या बोटावर टाकतो, थांबतो, डोकं तिरकं करून एका डोळ्याने तळहात न्याहाळतो, मग चोचीने नख टोचून बघतो. मध्येच पंख झटकतो, पिसं साफ करतो, घशातल्या घशात बारीक आवाज काढतो. थोडक्यात, तो सतत काहीतरी करत असतो. थिजलेला पक्षी काहीच करत नाही. त्याची पिसं अंगाला चापून बसलेली असतात, त्यामुळे तो एरवीपेक्षा बारीक दिसतो. डोळे वटारलेले, श्वास भराभर, कधी चोच उघडी. त्याच्या पायांच्या बोटांनी एकतर घट्ट पकड घेतलेली असते किंवा पाय लुळे पडलेले असतात.

तरी शंका राहिलीच तर दोन गोष्टी बघा. पहिली, खाणं. घाबरलेला लावा तुमच्यासमोर खात नाही, मग ती त्याची आवडती अळी का असेना. दुसरी, सोडल्यानंतरची चाल. हात उघडा आणि काही करू नका. माणसाळलेला पक्षी दोन पावलं टाकून तिथेच टिपायला लागतो, कधी परत हातावर येतो. थिजलेला क्षणभर तसाच राहतो आणि मग बाटलीच्या बुचासारखा सरळ वर उडतो किंवा कोपऱ्यात जाऊन डोकं खुपसतो. जाण्याची मोकळीक असताना पक्षी काय करतो यावरूनच खरं काय ते कळतं. मुठीत असताना त्याच्याकडे निवडच नसते.

शांत बसण्याची आणखी दोन कारणं आहेत. वयात आलेली मादी पाठीवर हात पडताच पंख किंचित पसरून खाली बसते. ती नरासमोर बसते तशीच हातासमोर बसली, त्याला लाड समजू नका. दुसरं कारण जास्त काळजीचं. आजारी लावाही गप्प बसतो आणि त्याचीही पिसं फुगलेली असतात, म्हणून तो निवांत असल्यासारखा वाटतो. पण त्याचे डोळे दिवसाउजेडी मिटत असतात, शेपूट खाली झुकलेली असते, तो कळपापासून बाजूला राहतो आणि छातीच्या मधलं हाड हाताला टोकदार लागतं. कालपर्यंत पळणारा लावा आज अचानक हातात यायला लागला, तर आनंद मानण्याआधी त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता थिजणाऱ्याला माणसाळवायचं कसं. पहिला नियम: वरून हात घालू नका. लाव्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं आणि वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी. वरून उघडणारा पिंजरा सफाईला सोयीचा असला तरी माणसाळवण्याच्या कामात अडचणच करतो. दार बाजूला हवं, हात तळालगत, सावकाश आणि आधी आवाज देऊन आत जायला हवा. पिंजऱ्याची एक-दोन अंगं झाकलेली असावीत आणि आत लपायला आडोसा असावा. आडोसा दिला तर तो बाहेरच येणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. होतं उलटंच. पळून जायला जागा आहे हे ठाऊक असलेला पक्षी जास्त वेळ बाहेर राहतो.

उंचीकडेही लक्ष द्या. दचकलेला लावा सरळ वर झेपावतो आणि जाळीवर डोकं आपटून टाळूची कातडी सोलली जाते. म्हणून पिंजरा एक फुटाहून कमी उंचीचा ठेवतात, म्हणजे वेग घ्यायला वावच मिळत नाही, किंवा माणूस उभा राहील इतका उंच करून वर मऊ जाळी ताणतात. मधली उंची सगळ्यात वाईट.

सुरुवातीला नुसतं जवळ बसा. रोज साधारण त्याच वेळी या, जमिनीलगत बसा, रोखून बघू नका. पक्षी तुमच्यासमोर खायला लागला, धुळीत कूस टाकून लोळायला लागला की पहिला टप्पा झाला. धुळीचं भांडं आत हवंच. पिसं स्वच्छ ठेवायला ते लागतं आणि तुम्ही समोर असताना लावा निवांत लोळत असेल तर त्याला तुमची भीती उरलेली नाही, हे नक्की. मग उघड्या तळहातावर मीलवर्म अळ्या किंवा बारीक दाणे ठेवून हात तळाशी नुसता पडू द्या. त्याने अळी उचलून पळ काढला तरी चालेल. त्याच्या मागे हात नेऊ नका. खाताना अचानक बोटं मिटून त्याला पकडण्याचा मोह फार होतो, पण तसं एकदा केलंत की काही आठवड्यांची मेहनत वाया जाते.

पिल्लं असतील तर काम पुष्कळ सोपं. जपानी लाव्याची अंडी १७-१८ दिवसांत फुटतात आणि सहा-आठ आठवड्यांत पक्षी वयात येतो, म्हणजे बालपण फारच तोकडं. पहिल्याच आठवड्यात उबेच्या पेटीत तळहातावर खाणं मिळत गेलं तर हात त्यांना ओळखीचा होतो. मात्र एकटं पिल्लू वाढवून माणसाळवण्याचा मार्ग मला नको वाटतो. लावा कळपात राहणारा पक्षी आहे, एकटा पडला की हाका मारत फिरतो आणि जास्तच बिथरतो. कळपात एक धीट मादी असली की बाकीच्या तिचं बघून पुढे येतात. अर्थात एक भेदरट असला तर तोही सगळ्यांना घेऊन उडतो. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात, नाहीतर माद्यांची पाठ टोचली जाते आणि मग त्या माणसाला भितात की नराला, तेच कळत नाही.

धीट झालेला लावाही सगळ्याला धीट होत नाही. तुमचा हात चालतो, पण टोपी घातली की पळतो. हिरवा डबा चालतो, लाल बादली चालत नाही. ओळखीच्या पक्ष्याने एखाद्या दिवशी दगा दिला तर आधी आपल्या अंगावर, हातात नवीन काय आहे ते बघा.

नखं कापायला, जखम बघायला पक्षी धरावा लागतोच. अशा वेळी पळापळ करण्यापेक्षा दिवा मंद करून, दोन्ही हातांची ओंजळ करून बाजूने उचला. पंख अंगालगत राहू द्या, पण छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. काम होईस्तोवर तो थिजला तर तेवढ्यापुरतं उरका, तळाशी आडोशाजवळ सरळ पायांवर ठेवा आणि त्या दिवशी पुन्हा हात लावू नका. वंशानेच भित्रे असलेले काही लावे कितीही केलं तरी हातावर बसत नाहीत. असा पक्षी हातभर अंतरावर दाणे टिपत असेल तर तिथेच थांबा, त्याला उचलायला जाऊ नका.